अंगठाभर हवा

कामठा
ता. २० जून १९५७

चि. शामकला हिला भैयाजीचे आशीर्वाद.

तुझी सायकल आज गोंदियाला नेऊन रेल्वेत चढवली. पावती सोबत जोडली आहे. अर्जुनी स्टेशनावर बैलबंडी घेऊन जाशील तेव्हा पावती विसरू नको, ते लोक पावतीशिवाय आपलं माणूससुद्धा आपल्याला देत नाहीत.

सायकल मर्दानी घेतली आहे. दुकानदार वाकड्या दांडीची बायकांची दाखवत होता, पण बायकांची सायकल एकदा घरात आली की ती बायकांच्याच कामाची राहते. मर्दानी असली म्हणजे उद्या कोणाच्याही कामी येते. तू लुगडं कासोटा घालून नेसतेस, तेव्हा दांडी आड येण्याचं कारण नाही.

आता नीट वाच. टायरमध्ये हवा दगडासारखी टणक पाहिजे, दोन्ही हातांनी दाबली तरी दबता कामा नये. गादी मी इथंच चार बोटं उंच करून नट आवळून दिला आहे, तिला हात लावू नको. गादीचं नाक थोडं वर ठेवलं आहे, त्यानं माणूस ताठ बसतो. सायकलवाला लांबून दिसला पाहिजे, नाहीतर पायी गेलेलं काय वाईट.

आपलं ठरलेलंही लक्षात असू दे. तुझ्या ग्रामसेविकेच्या नोकरीचे सहा महिने ऑगस्टअखेर संपतात. ब्लॉकचे साहेब येऊन तुला एका दिवसात पाच गावं सायकलीनं फिरायला लावतील. जमलं तर तू कायम होशील. नाही जमलं तर मुकाट्यानं कामठ्याला येशील आणि तिरोड्याच्या ईश्वरदासाशी पाट लावून घेशील, हे तू आईसमोर कबूल केलं आहेस. जावईबुवांना जाऊन पाच वर्षं झाली. बाबाही गेल्या कार्तिकात गेले. आता तुझा घोर मलाच. ईश्वरदासाची बायको वारून दोन वर्षं झाली, माणूस भला आहे, घरी चाळीस एकर धान आहे आणि शंकरपटात धावणारी त्याची बैलजोडी आजवर कोणाला हरलेली नाही.

सायकल मी घेतली ती आईनं चार दिवस जेवण सोडलं म्हणून, हेही लक्षात असू दे.

तुझा भाऊ
भैयाजी


केशोरी
ता. ३ जुलै १९५७

तीर्थरूप भाऊंना शामकलेचा दंडवत.

सायकल पोचली. तिच्यावर बसून मी अजून कुठंच पोचले नाही.

तुमच्या सांगण्याप्रमाणे हवा दगडासारखी भरली आहे. आता इथल्या मुरमाच्या रस्त्यावरचा प्रत्येक खडा मला वेगळा ओळखू येतो. चाक खड्यावर चढलं की सायकल उडते, सायकल उडाली की मी उडते, आणि खाली येताना गादीचं ते ताठ नाक माझी वाट पाहत असतं. गादी इतकी उंच आहे की एक पाय पायडलवर टेकला की दुसरा हवेत राहतो. थांबायचं झालं तर झाड गाठावं लागतं. परसटोल्याच्या वाटेवर तीन मोहाची झाडं आहेत, तेवढ्या तीन जागी मी थांबू शकते.

ज्यांच्या घरी मी खोली घेऊन राहते ते कवडूबाबा रोज ओट्यावर बसून पाहतात. काल म्हणाले, "काऊन व बाई, सायकल तुले नेऊन राहिली का तूच सायकलीले नेऊन राहिली?" मी म्हटलं, बाबा, आमचं एक दिवसाआड ठरलं आहे.

हसू येतं तसं दुखतंही. तीन दिवस मी उभ्यानं जेवते आहे. बालवाडीत मुलं बसतात आणि मी भिंतीला टेकून उभी असते. बायकांच्या बैठकीत त्या मला पाट देतात, मी म्हणते तुम्ही बसा.

भाऊ, मला भीती वाटते. कामठ्याला मी मागच्या पडवीत बसून तांदूळ निवडणारी विधवा होते, समोर पाहुणे आले की उठून आत जाणारी. इथं परसटोल्याच्या बायका रस्त्यापर्यंत येऊन माझी वाट पाहतात. मागच्या आठवड्यात एका बाळंतिणीला मी वेळेवर गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तिच्या सासूनं माझे पाय धरले. हे सगळं एका गादीपायी जाऊ नये एवढंच मला वाटतं. गादी उतरवायला पाना लागतो, तो तुम्ही पाठवला नाही. तेवढा पाठवा.

तुमची
शामकला

(पोस्टकार्ड)
कामठा
ता. १२ जुलै १९५७

चि. शामकला हिला आशीर्वाद.

एवढ्याशा गोष्टीला पाकीट कशाला म्हणून कार्ड लिहितो. तुझं पत्र वाचून नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आठवली. मर्दांच्या ढुंगणाला जी गादी टोचत नाही ती तुला टोचते, तर दोष गादीचा नाही. नवी गादी आणि नवी सून, दोघींना घरात रुळायला वर्ष लागतं. दुखतं म्हणजे गादी रुळत आहे असं समज. रोज निजताना बसायच्या जागी करडईचं तेल कोमट करून चोळत जा आणि सकाळी मिठाच्या पाण्यानं शेक. गादी खाली करू नको, त्यानं गुडघे बिघडतात. हवा कमी करू नको, त्यानं सायकल बिघडते.

पाना पाठवत नाही, हरवशील. फारच सोसवत नसेल तर हट्ट सोड आणि परत ये. ईश्वरदासाच्या बंडीत बसायला कापसाची गादी आहे.

भैयाजी


केशोरी
ता. २९ जुलै १९५७

तीर्थरूप भाऊंना दंडवत.

तुमचं कार्ड मिळालं. माझ्या आधी ते पोस्टमन चैतराम यांना मिळालं, त्यांच्या आधी पोस्टातल्या सगळ्यांना, आणि चैतरामांना वाटेत जो भेटला त्यानं "काय लिवलं बाईच्या भावानं" असं विचारलं, त्या सगळ्यांना. मी घरी आले तर कवडूबाबांच्या घरच्या आजीनं करडईचं तेल कोमट करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईंनी बाटली पाठवली. परसटोल्याहून एक आली, ती म्हणाली मोहाचं तेल करडईहून चांगलं. माझ्या बसायच्या जागेची चौकशी सध्या पाच गावांत चालू आहे. यापुढं असलं काही लिहायचं झालं तर पाकिटात लिहा, आणि पाकिटाला जास्त पैसे पडतात असं वाटलं तर लिहूच नका.

कवडूबाबांना माझी दया आली. त्यांनी पोत्याची उशी शिवली, आत धानाचा कोंडा भरला आणि गादीवर सुतळीनं बांधून दिली. दोन दिवस बरं वाटलं. मग पावसाची झड लागली, उशी भिजली आणि कोंड्यात राहिलेल्या धानाला पाचव्या दिवशी अंकुर फुटले. केशोरीत धान कुठंही उगवतो. बाबा म्हणाले, "आता उपटून लावू नोको, होऊ दे." मी उशी सोडून टाकली.

शेवटी चैतरामांनीच सांगितलं. ते बारा वर्षं याच रस्त्यांवर डाक नेतात. म्हणाले, "बाई, गादी मऊ कायले पाह्यजे? सरळ पाह्यजे." त्यांनी गादीवर माझी दगडी पाटी ठेवली आणि पाटीवर खिशातली अख्खी सुपारी. सुपारी गडगडत मागं जाऊन खाली पडली. पाना त्यांच्या पिशवीतच असतो. नट ढिला करून त्यांनी गादीचं नाक खाली आणलं, सुपारी जागेवर थांबेपर्यंत. मग गादी चार बोटं खाली घेतली. मला वर बसवून टाच पायडलवर ठेवायला सांगितली, पायडल सगळ्यांत खाली असताना पाय सरळ झाला, की उंची बरोबर. तेवढ्यावर माझं अर्धं दुखणं गेलं.

राहिलेलं हवेनं गेलं. चैतरामांचं म्हणणं, टायर दगडासारखा असला की रस्त्याचे सगळे धक्के माणसानं खायचे, थोडा नरम असला की थोडे टायर खातो. मागच्या चाकावर माणसाचं ओझं असतं, ते घट्ट. पुढचं अंगठ्यानं दाबलं की थोडं दबलं पाहिजे, फार दबलं तर रिम खड्ड्यात बसते. पावसात आणखी अंगठाभर सोडायची. मी आता रोज सकाळी दात घासून झाले की दोन्ही टायर दाबून पाहते. काल परसटोल्याला जाऊन आले, जाताना तिन्ही मोहाची झाडं लागली, एकाजवळही थांबले नाही.

वहिनींचं पत्र आलं. त्या लिहितात, सायकल पंधरा दिवस आपल्या घरी होती आणि तुम्ही ती रोज हातात धरून गावभर फिरवली, पण तिच्यावर बसताना कामठ्यात कोणी तुम्हाला पाहिलं नाही. गोंदियालाही म्हणे तिला पायीच नेलं. भाऊ, उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंटावर तरी बसावं लागतं.

तुमची
शामकला


कामठा
ता. १३ ऑगस्ट १९५७

चि. शामकला हिला आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला लिहिता येतं ही बाबांची चूक, त्यांनीच लिहिती वाचती सून शोधली. नवी सायकल पहिले पंधरा दिवस हातानं चालवायची असते, त्यानं चाकं रुळतात. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

तो चैतराम कोण, किती वयाचा, त्याला घरची बायको आहे की नाही, हे तू काहीच लिहिलं नाहीस. बिनओळखीच्या माणसानं बाईला सायकलीवर बसवून टाच कुठं टेकते ते पाहावं, ही कुठली सरकारी पद्धत. लोक काय म्हणतील याचा विचार कर. लोक इथंही आहेत आणि ते मलाच विचारतात.

बरं, ते असो. साहेब सोमवारी ता. २६ ला येणार असं तू आईला कळवलंस. पोळा आदल्या दिवशी, रविवारी आहे. ईश्वरदास पोळ्याला केशोरीला येत आहेत. त्यांची तिकडे पाटलांकडे सोयरीक आहे. सोमवारी ते थांबतील आणि तुला सायकलीवर पाहतील. त्यांचीच इच्छा. तेव्हा माझं एवढं ऐक. पदर डोक्यावर घे, घंटी वाजवू नको, वेग धरू नको, ते समोर दिसले तर उतरून पायी चाल. साहेबांना तू कमी चालवणारी वाटलीस तरी चालेल, ईश्वरदासांना तू फार चालवणारी वाटायला नको. साहेब आज आहेत आणि उद्या बदलून जातील.

तुझा भाऊ
भैयाजी


केशोरी
ता. २८ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप भाऊंना दंडवत.

चैतराम छप्पन्न वर्षांचे आहेत आणि त्यांना बायको, चार मुलगे, सात नातवंडं आहेत. हे तुम्ही लोकांना सांगा, त्यांचा वेळ बरा जाईल.

परीक्षेचं लिहिते. तुमच्या कानावर एक हकीकत आली असेलच, ही दुसरी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेशेकणी असते हे तुम्हाला काय सांगू. कवडूबाबांनी सायंकाळी लोणी-हळद कोमट केली, पळसाच्या पानानं दोन्ही बैलांचे खांदे शेकले आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणून त्यांना निमंत्रण दिलं. मी ओट्यावर उभी होते. मग ते उरलेली वाटी घेऊन माझ्या सायकलीकडे गेले. मी म्हटलं, बाबा, हे काय. तर म्हणाले, "बैल नांगर ओढते त्याचा खांदा शेकतो. ही तर तुले दोन महिने अंगावर वाहून नेऊन राहिली, हिचा कायले राहू देऊ?" त्यांनी गादी शेकली, दांडी शेकली, हँडल शेकलं. मला भरून आलं. इतकी वर्षं माझं दुखणं कोणी असं मनावर घेतलेलं मला आठवत नाही, म्हणून मी त्यांना अडवलं नाही. मी आत जाऊन डोळे पुसून येईपर्यंत त्यांनी दोन्ही रिमाही चांगल्या चोळून शेकल्या होत्या. हे मला माहीत नव्हतं.

रविवारी मी गादी आणि हँडल पुसून घेतलं. सोमवारी सकाळी साहेब त्यांच्या सायकलीवर आले आणि आम्ही निघालो. पहिली चार गावं सपाटीवर, ब्रेकची गरजच पडली नाही. पाचव्या गावाला जाताना तलावाच्या पाळीवरून रस्ता खाली उतरतो. वरून मला दिसलं, उताराच्या तोंडाशी, धानाच्या बांधीच्या काठावर, पांढरं नवं धोतर नेसलेला, छत्री घेतलेला एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा आहे. तुमचं पत्र आठवलं आणि उतरून चालावं म्हणून मी ब्रेक दाबले. ब्रेकची रबरं लोण्यावरून सरकली. मी आणखी दाबले, आणखी सरकली. उतार मोठा आहे.

तुम्ही घंटी वाजवू नको म्हटलं होतं. मी वाजवली, सारखी वाजवली. ईश्वरदासांना वाटलं, मी त्यांनाच ओळख देते आहे. त्यांनी छत्री मिटवली, टोपी सारखी केली आणि हसून तिथंच उभे राहिले. "बाजूला व्हा" हे मी दहा हातांवरून ओरडले. ते बाजूला झाले ते थेट बांधीत, रोवणी झालेल्या धानात, कमरेपर्यंत. पावसानं रस्त्यात पडलेल्या नाल्यांवरून चाकं दोन हात उडाली, पण पुढचा टायर नरम होता म्हणून चाक रस्ता धरून राहिलं. दगडासारखा भरला असता तर त्यांच्यावरच पडले असते. पुढं शाळेचा चढ आहे, तिथं सायकल आपोआप थांबली.

साहेब पाच मिनिटांनी धापा टाकत आले. त्यांना मागून एवढंच दिसलं होतं की मी उतारावर त्यांना मागं टाकून गेले. मी त्यांना लोण्याचं सांगितलं नाही. त्यांनी वहीत लिहिलं, वेग समाधानकारक. मग विचारलं, तो बांधीत कोण आहे. मी म्हटलं, पोळ्याला आलेले पाहुणे आहेत.

भाऊ, मी कायम झाले. साहेबांनी तिथंच सांगितलं, हुकूम मागून येईल. आईला आधी सांगा.

तुमची
शामकला


कामठा
ता. ७ सप्टेंबर १९५७

शामकला,

आशीर्वाद देण्यासारखं तू काही ठेवलं नाहीस.

ईश्वरदास परवा इथं येऊन गेले. त्यांच्या पायात अजून बांधावरचे काटे आहेत. त्यांनी चार माणसांत सांगितलं, "भैयाजी, तुमची बहीण घंटी वाजवते आन् थांबत नाही. असली बाई घरात आणून मी काय करू?" तू नेम धरून आलीस असं ते म्हणतात. लोण्याची गोष्ट मी त्यांना सांगितली तर ते म्हणाले, ब्रेकला लोणी कोण लावते, सांगायचं तर जरा पटेल असं सांगा. चार माणसं हसली. ती माझ्यावर हसली, तुझ्यावर नाही, कारण तू तिथं नव्हतीस.

मी सहा महिने यात घातले. गोठ्यात नवी गव्हाण बांधली, दोन खुंट्या ठोकल्या. ईश्वरदासांची ती बैलजोडी या दिवाळीला माझ्या दारात येणार होती, आणि मंडईच्या जत्रेतल्या पटात ती माझ्या नावानं धावणार होती. कामठ्याच्या कोणाची जोडी आजवर पटात पहिली आली नाही. तुला काय कळणार पुरुषमाणसाची इच्छा. आता त्या खुंट्यांना मी काय बांधू.

कायम झालीस ते झालीस. सरकारची नोकरी कर, सरकारच्या घरी राहा. बाबांच्या घरात आता तुझ्यासाठी जागा नाही. भाऊबीजेलाही येऊ नको. आई रडते, तिला मी समजावीन.

भैयाजी


केशोरी
ता. १७ सप्टेंबर १९५७

भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा घर गेलं म्हणून रडले. दुसऱ्यांदा गव्हाणीची ओळ नीट वाचली. सहा महिने मी समजत होते की तुम्हाला माझा घोर आहे. तुम्हाला खुंट्यांचा घोर होता. दोन बैलांच्या बदल्यात तुम्ही मला देत होतात, आणि तेही आपल्या हातानं लिहून कळवलंत, कारण त्यात काही लपवण्यासारखं आहे असं तुम्हाला वाटलंच नाही. मला राग आला. रागापेक्षा जास्त लाज वाटली, तुमची.

बैल विकत घेणारा त्याची चाल पाहतो. ईश्वरदासांनी माझी चाल पाहिली आणि सौदा मोडला. या सगळ्यात एकटा तोच माणूस व्यवहाराला चोख निघाला.

आता घरातल्या जागेचं. गेल्या वर्षी जूनमध्ये नवा वारसा कायदा लागू झाला. आम्हाला तो प्रशिक्षणात शिकवला, कारण गावोगावच्या बायकांना तो समजावून सांगणं माझं कामच आहे. पाच गावांत मी तो सांगितला, आपल्याच घरी सांगायचा राहिला. बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्यानं स्वतः मिळवलेल्या घरात आणि जमिनीत मुलगा, मुलगी आणि विधवा यांचा सारखा वाटा. बाबा गेले ते कायदा लागू झाल्यानंतर पाच महिन्यांनी. घर त्यांनी बांधलं. तळ्याखालची आठ एकर बांधी त्यांनी स्वतः घेतली. मृत्युपत्र त्यांनी केलं नाही, ते म्हणत, घरातल्या घरात कागद कशाला.

तेव्हा त्या घरात कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, हे तुम्हाला एकट्याला ठरवता येत नाही. तिघांनी बसून ठरवावं लागेल, आणि तिघांतल्या दोघी बायका आहेत.

मी वाटा मागितलेला नाही. तुम्ही ज्या बांधीत धान लावता त्यातलं एक रोपही मला नको. पण यापुढं माझा पाट कोणाशी लावायचा असं मनात आलं, तर आधी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर नावं किती चढू शकतात ते विचारून या. मला यायला लावू नका. सायकलीनं गोंदियापर्यंत दोन दिवस लागतील असं चैतराम म्हणतात, आणि माझी गादी आता दोन दिवस बसण्यासारखी आहे.

शामकला


कामठा
ता. ६ ऑक्टोबर १९५७

चि. सौभाग्यकांक्षिणी नव्हे, चिरंजीव बाई शामकला हिला भाऊ भैयाजीचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रागाच्या भरात माणूस काही लिहितो, ते भावाबहिणीनं मनावर घ्यायचं नसतं. घरात जागा नाही असं मी लिहिलं त्याचा अर्थ, पावसानं मागची पडवी गळते, एवढाच होता. ती आता शाकारून घेतली आहे. तुझी खाटही तिथून काढून पुढच्या खोलीत टाकली आहे.

ईश्वरदासाचं म्हणशील तर तो माणूस मला आधीपासून पसंत नव्हता. तुलाच आपलं घर मिळावं म्हणून मी मन मारून बोलणं चालवलं होतं. तुझी नोकरी कायम झाली हे मी गावात सांगितलं. कामठ्याची पोरगी साहेबाला मागं टाकून गेली, असं लोक बोलतात, आणि मी सांगतो की सायकल निवडून मीच दिली.

तलाठ्याकडे मी गेलो होतो. दुसऱ्या कामासाठी. बोलता बोलता विषय निघाला. तू लिहिलं तसंच तो म्हणतो, फक्त जास्त हसून. पण बाई, कायदा हा ज्यांच्यात प्रेम नसतं त्यांच्यासाठी असतो. आपल्यात असले शब्द शोभत नाहीत. सातबारा हा शब्द आईच्या कानावर अजून गेलेला नाही, तो जाऊ देऊ नको, तिचं वय झालं आहे.

भाऊबीज ता. २५ ला आहे, नक्की ये. तुझ्यासाठी गोंदियाला स्प्रिंगची गादी पाहून ठेवली आहे, तुला हवी तेवढी उंच आणि हवी तेवढी मऊ. टायरमध्ये हवा किती ठेवायची ते तुझं तू ठरव, मी त्यात आता पडत नाही. ये, पण सोबत कोणता कागद आणू नको.

तुझा मोठा भाऊ
भैयाजी

शामकलाबाई, पाकीट डकवायला माझ्याकडे आलं म्हणून खाली दोन ओळी लिहिते. तुमचं आधीचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. तेव्हापासून त्या रोज सकाळी काठी टेकत तळ्याखाली जातात आणि बांधावर उभ्या राहून बांधीकडे पाहतात. काल घरी येऊन मला म्हणाल्या, "शामकलेले विचार, माहा तिसरा हिस्सा कोणता, पाण्याकडचा का सडकेकडचा? आन् भैयाजीले आताच सांगू नोको." उत्तर पाकिटात पाठवा, माझ्या नावानं. तुमची वहिनी, नंदाबाई.